चाक कपाटावर

कूलरची ट्रॉली मीच ओढली.
मागे फुटाणा होता हे माहीत नव्हतं,
इतकं खरं आहे.
सुजाताला मात्र सांगितलं,
पिंजऱ्यातल्या चाकात पाय अडकला त्याचा.
ती चाकाकडे बघत राहिली,
लाईन गेल्यावर वस्तीतले लोक
माझ्याकडे बघतात तशी.

मग चाक काढून कपाटावर ठेवलं.
निळं, प्लास्टिकचं, एकशे ऐंशी रुपयांचं,
सीताबर्डीच्या फुटपाथवर घासाघीस करून आणलेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्लास्टर नाही करत याला,
बांधलेलं सगळं कुरतडतो हा,
पायसुद्धा सोडणार नाही.
बुटक्या टबात ठेवा, चढायला काही नको,
दाणापाणी तोंडापाशी. दोन आठवडे.
बाहेर कडुनिंबाखाली कुणाची तरी म्हैस हंबरत होती,
तिच्या मालकानं माझ्या मुठीत डोकावून विचारलं,
"उंदरासाठी आले का जी?"
मी हो म्हटलं.
दोन आठवडे म्हणजे
याच्या हिशेबानं वर्ष-दीड वर्ष,
हे घरी येताना गाडीवर सुचलं.

सुजाताच्या आंघोळीचा जुना टब माळ्यावरून निघाला.
तिच्याच सातवीच्या वह्यांची कोरी पानं
फाडून अंथरली.
औषधाला केळ्याचा वास,
सुई काढलेली सिरिंज, पाच बारीक रेघा,
आणि माझी ही बोटं!
अकरा हजाराच्या खांबावर
हातमोज्यातून पाना फिरवणारी,
थेंब सोडता सोडता थरथरायची.
पहिल्या दिवशी अर्धं औषध त्याच्या मिशांना.

बावीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो,
तारेला हात लावण्याआधी
लाईन मेली आहे ना, बघून घ्यायचं.
रोज पहाटे टबात बोट घालताना
मी उलटं बघतो.

रात्री झोप लागत नाही.
आधी तो खडखडाट करायचा चाकावर,
मी अंधारातूनच ओरडायचो, बस कर ना बे!
आता कूलरच्या आवाजातही
ती शांतता वेगळी ऐकू येते.

नवव्या रात्री एक वाजता कूलर थांबला.
दिवसा पंचेचाळीस होतं, भिंती अजून तव्यासारख्या.
दोन मिनिटांत फोन: मानेवाडा फीडर ट्रिप.
एक पाय बुटात, एक टबापाशी.
कुंदानं फुटक्या माठाची खापरी भिजवून
फडक्यात गुंडाळली, टबाला बाहेरून टेकवली.
"जा तुम्ही. मी बसतो याच्यापाशी."

खांबावरून खाली बघितलं,
गच्च्यागच्च्यांवर माणसं, गाद्या, मोबाईलचे उजेड,
कुणीतरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं.
एवढ्या अंधारात मला काळजी
एकशेदहा ग्रॅमची.
ही गोष्ट खाली शिडी धरून उभ्या असलेल्या
पोरालाही सांगितली नाही.

लाईन आली. गल्लीभर "आलीऽऽ" झालं.
साडेतीनला घरी पोचलो तर
कुंदा बसल्या बसल्या झोपलेली,
हातात वर्तमानपत्राची घडी, वारा घालता घालता थांबलेली.
आणि फुटाणा मोड आलेला मूग
दोन हातांत धरून खात होता,
सोळा आण्याचा माणूस जसा.

आज सतरावा दिवस.
डावा मागचा पाय जरा बाहेर फेकतो, पण चालतो.
सुजाता म्हणाली, "बाबा, ते चाक भंगारवाल्याला देऊन टाका.
त्यानंच केलं सारं."
मी स्टुलावर चढून चाक उतरवलं,
पुसलं, बोटानं एकदा फिरवलं.
कुंदा तांदूळ निवडत होती.
तिनं मान वर केली नाही.
त्या दिवशी ती दारातच उभी होती.

"सुजाता," मी म्हटलं, "इकडे ये,
कूलरच्या मागे.
दुसरं एक चाक दाखवायचं आहे तुला."